सनद की संशोधन?

पेडण्याहून पत्र लिहिणारे पालक यांस,
स. न. वि. वि.

कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला असलेली आपली कन्या पणजीत ‘कायदा आणि समाज’ या विषयावरील दोन दिवसांची परिषद ऐकून आली आणि आता वकिली नको, संशोधनच करायचे म्हणते. हा तात्पुरता अंमल की खरा कल, असे आपण विचारले आहे. तिच्या टिपणवहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्यात हे बरे झाले.

पहिल्या दिवशीच्या पानांत वक्ते, कलमे आणि जेवणाची वेळ यांपलीकडे काही नाही. (पंधरा मिनिटांत घाईने वाचलेले निबंध ऐकताना माझीही हीच गत होते.) दुसऱ्या दिवशी मात्र मुंडकारांवरील, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांवरील, एका निबंधापाशी ती पानभर थांबली आहे. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला बेदखलीपासून संरक्षण आणि राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला, मग इतकी वर्षे अर्ज करायला कोणी अडवले होते, असे एका ज्येष्ठ वकिलांनी विचारले; त्यावर निबंध वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, की चवथीला भाटकाराच्या माटोळीसाठी (गणपतीवर फळे टांगून केलेल्या सजावटीसाठी) नारळ नेणारा माणूस त्याच्याचविरुद्ध मामलेदाराकडे कोणत्या तोंडाने जाईल? त्याखाली आपल्या कन्येने लिहिले आहे, ‘आजोबांनीही अर्ज केला नव्हता. बाबांना विचारणे.’ तिने विचारले का, हे आपण कळवलेले नाही.

हा नुसता अंमल असावा असे मला वाटत नाही. तरीही वकिलीची सनद सोडण्याचे कारण नाही. पदवीनंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे दोन्ही उरकून घ्यावे, त्याने एलएलएम आणि पीएचडीची वाट बंद होत नाही, आणि पुढे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित ठेवता येते. या सुट्टीत तिने ओळखीच्या वकिलांबरोबर मामलेदार कचेरीत मुंडकार प्रकरणांच्या सुनावण्या पाहाव्यात. शिवाय पोर्तुगीज शिकायला लागावे, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा काही भाग गोव्यात अजून लागू आहे, जमिनींचे जुने दस्तऐवजही त्याच भाषेत आहेत, आणि ते वाचता येणे संशोधकाइतकेच वकिलाच्याही कामाचे आहे.

महिनाभर सुनावण्या पाहून ती काय टिपते, ती पाने मला जरूर पाठवा. तोवर आजोबांनी अर्ज का केला नव्हता, ते तिला सांगा.