बेडसोअर झाला नाही, याचे गुण कुणाला?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, लातूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. मला बी.एस्सी. नर्सिंग करायचं आहे. घरचे म्हणतात, तुझ्यात माया नाही, कुणाशी धड बोलत नाहीस, पेशंटची सेवा काय करणार? आजोबा अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणावर होते. त्यांच्या औषधांची, बीपीची, जेवणाची वही मीच ठेवायचे, पण त्यांच्याजवळ बसून गप्पा मारणं मला जमलं नाही. सेवाभाव मोजता येतो का? माझ्यात तो पुरेसा आहे का?

उत्तर : तू ज्याला सेवाभाव म्हणतेस, तो मोजायचा प्रयत्न नर्सिंगच्या अभ्यासकांनी बराच केला आहे, आणि त्यातून निघालेलं सगळंच तुझ्या घरच्यांच्या बाजूचं नाही. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया लार्सन यांनी १९८०च्या दशकात नर्स करते अशा ५० गोष्टी कार्डांवर लिहिल्या. कॅन्सरचे रुग्ण आणि कॅन्सर वॉर्डातल्या नर्सेस, दोघांनाही ती महत्त्वानुसार लावायला सांगितली. नर्सेसनी वर ठेवलं ऐकून घेणं आणि धीराचा स्पर्श. रुग्णांनी वर ठेवलं इंजेक्शन-सलाईन नीट देता येणं, यंत्रं हाताळता येणं, डॉक्टरांना कधी बोलवायचं हे कळणं. मला याचं नवल वाटत नाही. ज्याच्या हाताला तिसऱ्यांदा सुई टोचली जातेय, त्याला आधी शीर सापडायला हवी असते.

म्हणून बोलण्याला किंमतच नाही, असं समजू नकोस. नर्सिंगच्याच अभ्यासक क्रिस्टन स्वॉन्सन यांनी गर्भपात झालेल्या स्त्रियांशी बोलून सेवेचे पाच भाग मांडले: समोरच्याचं दुखणं त्याच्या बाजूने जाणून घेणं, सोबत असणं, त्याला जमत नाही ते करून देणं, जमेल ते त्याला करू देणं आणि त्याची उमेद धरून ठेवणं. यातलं बरंचसं अबोल माणसालाही जमतं. "आता सुई टोचतेय, दोन मिनिटं दुखेल" एवढं सांगणं मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाचं. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यानंतर, २०१५मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. 'सिस्टर फार छान बोलतात' असा शेरा त्या देऊच शकत नव्हत्या. २०११च्या निकालात सुप्रीम कोर्टाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचं कौतुक करताना नोंदवलं की ३८ वर्षांत अरुणांना एकही बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने कातडीला होणारी जखम, झाला नाही. पडून असलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते बघ. ठरल्या वेळी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, ओली चादर तासभरही राहू द्यायची नाही, पोटात काय गेलं ते बघायचं. आणि हे सगळं तीनही ड्यूट्यांत, दिवाळीच्या रात्रीसुद्धा. बेडसोअरचा धोका मोजायला ब्रेडन स्केल नावाची मोजपट्टी आहे. त्यात संवेदना, ओलसरपणा, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हलणं, आहार आणि कातडी घासली जाणं अशा सहा गोष्टींना गुण देतात. २३पैकी गुण जितके कमी, तितका धोका जास्त. उत्तम सेवेचा पुरावा बरेचदा असा असतो: काहीतरी घडलंच नाही. त्याची बातमी होत नाही.

थेट रुग्णाला विचारणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत: आदराने वागवलं का, निर्धास्त वाटलं का, सिस्टरला काम येत होतं का. त्यांची अडचण अशी की बहुतेक रुग्ण भरभरून गुण देतात आणि फरकच दिसत नाही. डिस्चार्जच्या गडबडीत, सिस्टर समोर उभ्या असताना, कोण कमी गुण देईल? अशा आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

आणखी एक. सेवा कमी पडली की लोक सिस्टरच्या स्वभावाला दोष देतात. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. पुढे नोकरी घेशील तेव्हा पगाराआधी विचार, नाईटला एका सिस्टरकडे किती बेड असतात.

आता तुझ्या वहीबद्दल. ती मला आवडली. वॉर्डात नोंदी वेळच्या वेळी आणि खऱ्या लिहिणारी मुलगी इनचार्ज सिस्टरला हवीच असते. पण आजोबांची कूस कोण बदलायचं, त्यांचं अंग कोण पुसायचं, बेडपॅन कोण द्यायचं, हे तू लिहिलेलं नाहीस. तुला त्याची किळस वाटायची का? सुरुवातीला वाटली आणि नंतर सरावली असशील, तर काळजी नाही. वर्षभर तू ते टाळतच राहिली असशील, तर फॉर्म भरण्याआधी नर्सिंग करणाऱ्या ओळखीतल्या कुणाशी तरी मोकळेपणाने बोल. गप्पा न जमण्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म वेळेत भर. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा डिप्लोमा तीन वर्षांचा, तोही मार्ग उघडा ठेव. कॉलेज निवडताना त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि त्यातले बेड खरंच भरलेले असतात का, हे तिथे तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलींना विचार. माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.