पहाटेच्या लोकलच्या घाईत पोट साफ होत नाही, काय करावं?

गाडी चुकेल म्हणून आलेली कळ दाबता ना? तिथेच गोम आहे. मळ आतड्यात थांबला की त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. चहा-नाश्त्यानंतर आतडी आपसूक हलतात. त्या वेळची 10 मिनिटं राखा. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या. दुपारी वडापावऐवजी भाकरी, उसळ, पेरू. रात्री 2 चमचे इसबगोल, पण ग्लासभर पाण्यातच. पाणी कमी पडलं तर उलट अडकतं. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत? त्यांनीही मळ घट्ट होतो, डॉक्टरांना विचारून बदला. रक्त पडलं, वजन घटलं किंवा पोट फुगून वायूही सरेना, तर चूर्णं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.