औषध सुरू करण्यापूर्वी

ताई, मुलाच्या एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) गोळी द्यावी की नाही, यावर तुमच्या घरात एकमत होत नाही, याचे मला नवल वाटत नाही. परभणीत आमच्या घरीही सासूबाईंना पोरगा केवळ द्वाड वाटे, शिक्षकांना आळशी, आणि गोळीचे नाव निघताच यजमानांना व्यसनाची धास्ती वाटे.

ही धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण या गोळीतील मिथिलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातील, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारे औषध आहे. मात्र ठरलेल्या मात्रेत आणि देखरेखीखाली ते घेतल्याने मूल व्यसनी होते, असे मानण्यास आधार नाही. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे त्रास मात्र खरे आहेत. म्हणून आम्ही गोळीपूर्वी पोटभर दूध-भाकरी देत असू आणि दरमहा वजन-उंची वहीत नोंदवत असू. डॉक्टरांना आमच्या बोलण्यापेक्षा ती वहीच अधिक उपयोगी पडली.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील ५७९ मुलांच्या अभ्यासात १४ महिन्यांनंतर मुख्य लक्षणांवर औषधाचा परिणाम केवळ वर्तनोपचारापेक्षा (औषधाविना वागणूक सुधारण्याच्या उपचारापेक्षा) सरस दिसला, परंतु पुढील वर्षांत तो फरक ओसरला, आणि औषधाच्या बाजूचे व विरोधातले, दोन्ही लोक याच अभ्यासाचा दाखला देतात. मूल सहा वर्षांहून लहान असल्यास आधी पालकांनीच वर्तनाचे प्रशिक्षण घ्यावे, हे मला पटते. लातूरच्या शिकवणीत मूल टिकावे एवढ्यासाठी निदानाशिवाय गोळी मागणे मला मुळीच मान्य नाही.

घराण्यात हृदयविकार असल्यास तो पहिल्याच भेटीत सांगावा.