जळगावात राहून मुंबईचा स्पा कशाला?

काका म्हणालीस म्हणून एकेरीत बोलतो. तुझी अडचण मला समजली ती अशी: इंटिरिअर डिझाइनचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला मुंबईतला लक्झरी स्पा घेतलाय, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, झकास झालेत, पण गाइड म्हणतात यात दम नाही. ज्यूरीला, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणाला, दीड महिना आहे. विषय बदलू का?

बदल. ज्या स्पाची पायरी तू चढली नाहीस, तिथला ओला टॉवेल कुठून कुठे जातो हे तुला ठाऊक नाही, आणि ज्यूरी नेमकं तेच विचारते.

तुझ्या गावाला सुवर्णनगरी म्हणतात. सराफाचं दुकान घे. अरुंद, खोल जागा, खाली पेढी, वर कारागीर. घरचा सराफ नाही असं कुटुंब आपल्या खानदेशात विरळाच, तेव्हा ओळख निघेल. दुकानाचं नाव छापणार नाही आणि तिजोरीची खरी जागा ड्रॉइंगमध्ये दाखवणार नाही, हे त्यांना आधीच सांग. मग मोजमापाची टेप लावू देतील.

टेपच्या आधी एक दिवस नुसती कोपऱ्यात बस. लग्नाच्या खरेदीला सात-आठ जण येतात: नवरी, आई, मावशी, व्याही, कडेवर पोर. तू तीन खुर्च्या काढल्यास तर बाकीचे कुठे बसणार? बसून दागिने दाखवायचा काउंटर साधारण ७५० मिमी उंच, आणि ग्राहकाचे गुडघे आत गेले पाहिजेत. म्हणजे त्या बाजूला खण-ड्रॉवर नकोत. खुर्च्यांमागे १२०० मिमी मोकळे ठेव.

आणखी एक बघ. बाई हार घेते आणि दारापाशी उजेडात जाते. आतल्या दिव्यांवर तिचा भरवसा नाही. सोन्याला ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर प्रकाश, चांदी-हिऱ्याला ४००० च्या वरचा पांढरा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, हे तू शिकलीच असशील. पण दाराजवळ, सराफाच्या नजरेच्या टप्प्यात, दिवसाच्या उजेडातला एक आरसा दे. तिथूनच तुझ्या दर्शनी भागाचं डिझाइन सुरू होतं. दुकान पश्चिममुखी असेल तर मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारचं ऊन थेट काचेवर येईल, म्हणून बाहेर खोल छज्जा आणि आत दुहेरी दार.

खरी मजा वरच्या मजल्यावर आहे, आणि विद्यार्थी नेमके तिथे 'वर्कशॉप' असं लिहून चौकोन सोडून देतात. कारागिराच्या खोलीतली धूळ कचऱ्यात जात नाही. तिच्यात सोन्याचे कण असतात, ती जपून ठेवतात आणि झारेकरी ती धुऊन सोनं काढतो. मग फरशीला सांधे कमीत कमी हवेत, भिंतीशी कोपरा गोलसर हवा, म्हणजे झाडूला काही अडकत नाही. हात धुण्याच्या बेसिनखाली गाळ अडवायची टाकी हवी. आम्लाची वाफ थेट बाहेर टाकणारा एक्झॉस्ट हवा, आणि ज्योतीजवळ प्लाय-लॅमिनेट अजिबात नको. यातली एकही गोष्ट इंटरनेटवरच्या सुंदर फोटोंत दिसत नाही.

प्लॅन, सीलिंग, फ्लोअरिंग, इलेक्ट्रिकल ही शीट १:५० ला उरकून टाक. वेळ काउंटरच्या सेक्शनला, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगला दे, तो १:५ पर्यंत ने. १८ मिमी प्लाय, १ मिमी लॅमिनेट, काच कुठे टेकते, एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारी डबी) कुठे बसतो, तो जळाला तर दागिने न हलवता कसा काढायचा. हे शीट घेऊन फर्निचरच्या मिस्तरीकडे जा. "ताई, इथे स्क्रू मारायला हात कुठून घालू?" असं तो विचारेल. तो सेक्शन तिथेच पेन्सिलने दुरुस्त कर आणि तोही कागद पोर्टफोलिओत लाव. माझ्या मते त्या मळक्या कागदाला रेंडरपेक्षा जास्त मार्क मिळायला हवेत. रेंडर दोनच पुरे, एक पेढीचा, एक कारागिरांच्या खोलीचा.

राहिला एस्टिमेटचा मुद्दा. ८ बाय ४ च्या शीटमध्ये कटिंग बसवून प्लायचा हिशेब कर आणि दर जळगावच्याच दुकानांतून विचारून आण. पुण्याच्या सीनियरची एक्सेल शीट उचलू नकोस, मजुरीच्या रकान्यातच पकडली जाशील.