पटाशीला धार लावताना

आधी दगड सपाट कर, पटाशी नंतर. वॉटर स्टोन, म्हणजे पाणी लावून वापरायचा धारेचा दगड, मऊ असतो, मधोमध लवकर खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आख आणि जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवून त्या पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घास. आपली शहाबादी फरशी सपाट दिसते खरी, पण तिच्यावर भरवसा नको. १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) पटाशीचा उतार २५ अंशांत धर. बाभळीसारख्या कठीण लाकडासाठी ३०. पात्याच्या मागच्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागली की मगच ६००० च्या दगडावर जा. दगडावर येणारा गाळ सारखा धुवू नकोस, घासायचं काम तोही करतो. सोलापुरात मे महिन्यात पाणी बघता बघता उडतं. स्प्रेची बाटली हाताशी असू दे.