एकाच मळ्याची कॉफी, दोन चवी

प्रश्न : चिकमगळूरच्या एकाच मळ्यातील अरेबिका कॉफीची, हलक्या आणि गडद भाजणीची, अशी दोन पाकिटे आणली. घरच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये दोन्हींचे डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) सारख्याच मापाने काढून दूध घातले, तर पहिली कॉफी आंबूस व पाणचट लागली, दुसरी कडू पण दमदार. पहिले पाकीट खराब निघाले का? गडद कॉफीत कॅफिन जास्त असते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाकीट खराब नसावे. आंबटपणा कॉफीच्या हिरव्या बीमध्ये मुळातच असतो आणि बी जसजशी अधिक भाजली जाते, तसतसा तो कमी होतो. दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास आतल्या वाफेच्या दाबाने बी लाहीसारखी तडतडते. त्यानंतर लवकरच भाजणी थांबवली, तर सायट्रिक व मॅलिक आम्ले बऱ्याच अंशी टिकतात आणि फळांची आठवण करून देणारा स्वाद मिळतो. सुमारे २२५ अंशांना दुसरी, अधिक बारीक तडतड ऐकू येते. तोवर बीमधली साखर जवळजवळ संपलेली असते, तेल पृष्ठभागावर येऊ लागते आणि क्लोरोजेनिक आम्लांपासून जिभेवर रेंगाळणारी, रखरखीत कडू द्रव्ये तयार होतात. इतक्या भाजणीनंतर कोणत्याही मळ्याची कॉफी साधारण सारखीच लागते; म्हणून मळ्याच्या नावासाठी जादा पैसे मोजून गडद कॉफी घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कडूपणावरून कॅफिनचा अंदाज बांधू नये. भाजताना कॅफिन फारसे नष्ट होत नाही; वजनाने मोजल्यास दोन्हींतला फरक नगण्य असतो, तर चमच्याने मोजल्यास गडद पूड वजनाला हलकी असल्याने तिच्यातून ते किंचित कमीच मिळते. खरा फरक जातीचा आहे : रोबस्टामध्ये अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असते. कॉफीच्या पुडीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीमुळे (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) डिकॉक्शन दाट आणि काळेभोर होते, पण चिकोरीत कॅफिन मुळीच नसते.

पाणचटपणाचे कारण वेगळे आहे. हलकी भाजलेली बी टणक व घट्ट राहते आणि तिच्यातला अर्क सहजासहजी उतरत नाही. ती थोडी अधिक बारीक दळावी, नुकतेच उकळलेले पाणी वापरावे आणि निदान पहिला कप बिनदुधाचा घ्यावा, कारण दुधात तिचा नाजूक स्वाद हरवतो. दुधाच्या कॉफीसाठी मध्यम ते गडद भाजणीच योग्य. मात्र गडद बियांवरचे तेल हवेने लवकर खवट होते, तेव्हा दुसरे पाकीट आधी संपवावे.