पाळ्या कधी लावाव्यात?

प्रश्न : वसईच्या आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेत बायबल वाचणाऱ्या वाचकांच्या, स्वयंसेवकांच्या पाळ्या मी लावते. शनिवारी रात्री फोन करकरून जीव मेटाकुटीला येतो. किती आधी ठरवावं?

उत्तर : ताई, अकरा वर्षं हेच काम केलंय, म्हणून कळकळीनं सांगते, निदान तीन महिने आधी. आणि सुरुवात ईस्टरपासून करा. तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. २०२७ मध्ये २८ मार्चला आहे, म्हणजे त्याच्या आधीचा झावळ्यांचा रविवार २१ मार्चला. दहावी-बारावीच्या पोरांना त्या महिन्यात हातच लावू नका. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत बायबलच्या जुन्या करारातलीच सात वाचनं असतात. ते सात वाचक नाताळ उरकला की लगेच विचारून ठेवा, आणि मागे काळोखात मेणबत्ती धरायला प्रत्येकाला एक सोबती द्या. एका वर्षी मी हे विसरले. वाचणाऱ्या बाईंच्या पुस्तकावर मेण ओघळलं, ओळच दिसेना. त्या किती कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या!

पाळी देण्याआधी घरी जाऊन विचारा. कोणाची रात्रपाळी, कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली, हे मोबाइलवर कळत नाही. मग कागद चर्चच्या दाराशी लावा, बदली माणसाच्या नावासकट.